डेट्रॉइटचं उदाहरण द्या, पण पूर्ण द्या

वणी-भद्रावतीकडच्या आमच्या गावांत सध्या एक संदेश मोबाईलवर फिरतोय. कोळसा खाणीसाठी गाव सोडायला तयार नसलेल्यांना उद्देशून तो लिहिलाय. थोडक्यात असा: ‘अमेरिकेत डेट्रॉइट शहरानं पोलटाउन नावाची ओसाड, मोडकी वस्ती पाडून जनरल मोटर्स या मोटार कंपनीला कारखान्यासाठी जागा दिली. न्यायालयानंही ते योग्य ठरवलं. 6,000 नोकऱ्या आल्या, सगळ्यांचं भलं झालं. मूठभर लोकांनी विकास अडवू नये.’

परवा पारावर एका पोरानं तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हातारी माणसं खाली मान घालून बसून राहिली. म्हणून हे लिहितोय.

सुरुवात ‘ओसाड’ या शब्दापासून करू. 1981 मध्ये त्या 465 एकरांत सुमारे 4,200 माणसं राहत होती. हजारावर घरं होती, शंभरावर दुकानं आणि धंदे होते, चर्च होती, दवाखाना होता. पोलंडहून आलेल्या कामगारांच्या पिढ्या तिथं वाढल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी कृष्णवर्णीय कुटुंबंही नांदत होती. वस्ती जुनी होती, काही घरं रिकामी होती, हे खरं. पण आमच्याही गावात कुलूपबंद घरं आहेत, पोरं पुण्याला गेलीत म्हणून. तेवढ्यानं गाव ओसाड होत नाही.

तिथल्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चची गोष्ट त्या संदेशात नाही. धर्मप्रांतानं, म्हणजे चर्चच्या वरच्या संस्थेनं, चर्चची इमारत शहराला विकली, पण तिथले धर्मगुरू जोसेफ कारासिएविच आपल्या लोकांच्या बाजूनं उभे राहिले. बायाबापड्या, म्हातारे चर्चमध्ये ठिय्या देऊन बसले. 14 जुलै 1981 ला पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं आणि चर्च पाडलं. त्याच वर्षी डिसेंबरात कारासिएविच वारले. सगळ्यांनीच विरोध केला असं मी म्हणणार नाही. बऱ्याच जणांनी मोबदला घेतला आणि गेले, कुणी खुशीनंही गेले. पण जे राहू पाहत होते, त्यांना ‘मूठभर’ म्हणून मोजणीतूनच वगळायचं का?

आता न्यायालय. डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयानं 1981 मध्ये शहराच्या बाजूनं निकाल दिला, 5 विरुद्ध 2 असा. संदेश इथंच थांबतो. त्याच न्यायालयानं 2004 मध्ये, वेन काउंटीच्या (डेट्रॉइटच्या जिल्ह्याच्या) दुसऱ्या एका खटल्यात, तो निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. खासगी कंपनीच्या धंद्यातून लोकांना फायदा होईल एवढ्यावर कुणाचं घर काढून घेता येत नाही, असं ठरलं. तोवर 23 वर्षं उलटली होती. आधी ताबा आणि मोबदल्याचा वाद नंतर, अशी मुभा तिथल्या कायद्यानं दिली होती. आपल्याकडे 1957 च्या कोळसा क्षेत्र कायद्यात जमीन अधिसूचनेनं सरकारजमा होते आणि मोबदल्याची भांडणं मागाहून वर्षानुवर्षं चालतात. म्हणून म्हणतो, सही करण्याआधीच बोलायला हवं.

नोकऱ्यांचं सांगतो. आश्वासन 6,000 चं होतं. कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि 1988 मध्ये तिथं 2,500 च्या वर कामगार नव्हते. दहा वर्षांनी, धंदा जोरात असतानाही, ते 3,600 च्या आसपास होते. शहर, राज्य आणि केंद्र मिळून जनतेच्या खिशातून 20 कोटी डॉलरवर खर्च झाला, कंपनीनं जागेसाठी मोजले ते जेमतेम 80 लाख. कारखाना आजही आहे, विजेवरच्या गाड्या बनवतो, हे मान्य. पण 2018 च्या नोव्हेंबरात तोही बंद पडण्याच्या यादीत होता.

आणि नोकरी कुणाला, हे आपल्या भागात कुणी विचारतच नाही. खाणीत हिशेब दोन एकरामागे एक नोकरीचा. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, जो कापूस वेचून आणि निंदणावर जगतो, त्याचं काय? घराच्या बदल्यात भूखंड मिळेल, पण ज्या शिवारात मजुरी होती ते शिवारच खाणीत जाणार. आमच्या शेजारची आजी मोजणीवाल्यांना म्हणाली, “कोठ्याचे पैसे देतो म्हनते, मंग ढोरं कुठं बांधू बावा?” ते पुढच्या घराकडे वळले.

कारखाना आलाच नाही तर काय, हे पाहायला डेट्रॉइटला जायची गरज नाही. भद्रावतीजवळ 1990 च्या दशकात वीज प्रकल्पासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. प्रकल्प उभा राहिलाच नाही.

पोलटाउनच्या त्या कारखान्याच्या कुंपणाच्या आत आजही एक जुनं ज्यू कब्रस्तान आहे, बेथ ओलेम. कारखाना आला, पण थडगी हलवली नाहीत. आपल्या माणसांच्या थडग्यापाशी जायचं तर वर्षातून दोनदा, ठरलेल्या दिवशी फाटक उघडतं. आमच्या गावाच्या पुनर्वसनाचा कागद मी परवा पुन्हा वाचून काढला. शाळा आहे, रस्ते आहेत, समाजमंदिर आहे. नाल्याकाठी जिथं आमचे आजे-पणजे पुरलेत, त्या जागेबद्दल एक ओळही नाही. येत्या ग्रामसभेत मी हे पहिलं विचारणार आहे.