पैशाचे धडे पुस्तकात आहेत, घोडं अडतं ते पुढे

"शाळेत पायथागोरस शिकवतात, पण व्याज, कर, शेअर कुणी शिकवत नाही. म्हणून पोरं कर्जात बुडतात. शाळा-कॉलेजात शेअर बाजार सक्तीचा करा!" हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा फिरतो.

शिकवत नाहीत, हे राज्य मंडळाच्या शाळांपुरतं तरी खोटं आहे. बालभारतीच्या सातवीच्या गणितात 'बँक व सरळव्याज' आहे, आठवीत 'चक्रवाढ व्याज', नववी-दहावीत तर 'अर्थनियोजन' नावाचं प्रकरणच. नववीला आयकर येतो. दहावीला जीएसटी, शेअरची दर्शनी किंमत आणि बाजारभाव, दलाली, म्युच्युअल फंड, एसआयपी (त्यात दर महिन्याला ठरावीक रक्कम गुंतवणं).

मग पोरं कर्जात का अडकतात? गणितात दर 'द.सा.द.शे.' असा सरळ दिलेला असतो, दुकानात तो तसा मिळत नाही. 12,000 रुपयांचा मोबाइल, "महिना फक्त 1 टक्का", 12 हप्ते. व्याज 1,440, हप्ता 1,120. मुलगा वर्षाला 12 टक्के धरून मोकळा होतो. पण मुद्दल दर महिन्याला 1,000 रुपयांनी फिटत जातं. पहिल्या महिन्यात त्याच्यावर 12,000 चं कर्ज असतं, शेवटच्या महिन्यात 1,000 चं, सरासरी 6,500. त्यावर 1,440 म्हणजे साधारण 22 टक्के! 240 रुपये प्रोसेसिंग फी धरली, तर 26 च्या आसपास. हे सातवीच्या गणितानं निघतं, त्याला नवा विषय लागत नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, देणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलंय. त्यात एपीआर, म्हणजे फी धरून पडणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. तसा एक कागद वर्गात आणावा, मुलांनी आधी स्वतः दर काढावा आणि मग छापलेल्या आकड्याशी ताडून बघावा. आमच्या मते दहावीच्या प्रकरणातली सगळ्यात मोठी उणीव हा तास नसणं ही आहे.

शेअर बाजार सक्तीचा करण्याबद्दल: शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (शेअरच्या पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांमध्ये) उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात गेले. शिकवायचंच तर आधी हा आकडा शिकवा.

कॉलेजात याहून तातडीच्या गोष्टी आहेत. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्ती 'जमा' दिसते, पण पासबुकात येत नाही. कारण बहुतेकदा हेच असतं: केवायसीला (ओळख पटवायला) आधार देणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार सीडिंग (आधार क्रमांक एका बँकेशी जोडणं) वेगळं. पैसे सीडिंग झालेल्या बँकेत जातात, मग अर्जात कुठलाही खाते क्रमांक लिहिलेला असो. सीडिंग कुठे आहे हे आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये दिसतं. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत संमती अर्ज द्यावा.

दुसरी गोष्ट, खातं भाड्यानं देणं. "दोन दिवस तुझं खातं वापरू दे, पाच हजार देतो," असं सांगून घेतलेल्या खात्यातून सायबर फसवणुकीचा पैसा फिरवतात. खातं गोठतं आणि पोलीस आधी खातेदाराचं दार ठोठावतात. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यातच हे सांगायला हवं. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन क्रमांकही त्याच तासाला फळ्यावर लिहावा, आणि पैसे 'घ्यायला' यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही.