दुर्मिळ वनस्पतीवर तज्ज्ञ मत कसं द्यावं?

निसर्गप्रेमींच्या गटावर कुणी थिस्मिया नेप्चूनिस या दुर्मिळ वनस्पतीचा फोटो टाकला, तर सोबतचा मजकूर वाचू नका. वाचलं की मत द्यायला उशीर होतो. (परवा मीच टाकला होता. पहिलं मत आलं तेव्हा फोटो नीट उघडलाही नसावा.)

हिरवं पान दिसत नाही? "मशरूम!" लिहून मोकळे व्हा.

फुलाला वर तीन लांब मिशा आहेत? मग एआयच.

वर्गीकरणाच्या फंदात पडू नका, त्यात लोकांचा जन्म जातो. ओदोआर्दो बेक्कारी नावाच्या इटालियन गृहस्थाला 1866 साली बोर्निओ बेटावरच्या सारावाकमध्ये, गुनुंग माटांग भागातल्या जंगलात ही सापडली. त्याने चित्र काढलं, वर्णन लिहिलं आणि छापलं थेट 1878 साली. किती हा वेंधळेपणा! तुम्ही चहा गाळता गाळता उरकलं असतं. थिस्मिया ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) वनस्पतीशास्त्रज्ञ ग्रिफिथने 1840च्या दशकात मांडली, पण तिला बर्मानिएसी कुळात ठेवायचं की थिस्मिएसी असं वेगळं घर द्यायचं, यावर डीएनए तपासूनही एकमत नाही. एपीजी या फुलझाडांचं वर्गीकरण करणाऱ्या अभ्यासकांच्या गटाने 2016 साली बर्मानिएसीतच ठेवलं, तरी कितीतरी अभ्यासक वेगळं कूळच लिहितात. नेप्चूनिस पुन्हा दिसली जानेवारी 2017 मध्ये, चेक संशोधकांना. तब्बल 151 वर्षांनी! तोवर जगाकडे तिचा एक फोटो नव्हता. आणि आमच्या गटातले काका लिहितात, "आमच्याकडे पावसाळ्यात ढिगाने येते. भाजी करतो." कसली भाजी, काका? बोर्निओतली ती, बहुतेक काळ जमिनीखाली असते, बुरशीकडून अन्न घेते, काही आठवडे वर डोकावते, तेही दरवर्षी नाही. तुमच्या परसात कुठून आली?

लोकेशन मागा. लगेच.

"कुंडीत लागेल का?" हे विचारायचं राहू देऊ नका.

नाही लागणार! ती बुरशी, ती बुरशी ज्यांच्या मुळांत राहते ती झाडं, सगळं जंगल बाल्कनीत आणणार आहात का? आपल्या पश्चिम घाटात, केरळातल्या परांबिकुलमला, हिचीच नातेवाईक हॅप्लोथिस्मिया आहे. वनस्पतीशास्त्रज्ञ एअरी शॉने 1952 साली तिच्यासाठी नवी प्रजाती मांडली. असली रोपं फुलल्याशिवाय डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि तुम्ही रीलसाठी पाचोळ्यात लोळता. अंगाखाली काय चिरडलं, मागे वळून बघता तरी का? माहीत नसेल तर गप्प बसा ना जरा! आणि काका, तुम्ही जे काही खाताय, ते आधी कुणा जाणत्याला दाखवा.