हेल्मेट काय फक्त आम्हालाच?

मे महिन्यातलं खान्देशचं ४४ अंशांचं ऊन. डोक्यावर हेल्मेट म्हणजे तापलेला तवाच! तरी घालतो. परवा सिग्नलला घाम पुसत उभा होतो, तर शेजारून खाकीतले दोघं बुलेटवर, बोडक्या डोक्यानं, लाल दिवा तोडून सुसाट. म्हटलं असेल काही तातडीचं. कसलं काय, पुढच्याच टपरीवर चहा पीत उभे! आणि मला गेल्याच आठवड्यात हेल्मेटचा पट्टा लावला नाही म्हणून चलान.

२०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम २१०-ब आलंय भो, नियम राबवणाऱ्यानंच मोडला तर दंड दुप्पट. पण पावती फाडणार कोण? मी फोटोसाठी मोबाईल काढला. एकानं नुसतं वळून पाहिलं. ठेवला गुपचूप खिशात.