मेलेली कोंबडी ओढ्यात टाकायला सांगणारा मेसेज

थंडी पडली की पोल्ट्रीवाल्यांत एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडाफार बदलतो, सूर तोच: 'बर्ड फ्लू हे थोतांड आहे, नाहीतर थंडीतच कसा येतो? माणसाला तो होत नाही. चार कोंबड्या मेल्या तर बोभाटा न करता लांब ओढ्यात टाका, कावळे-कुत्री साफ करतात. डॉक्टरला कळवलंत तर अख्खं शेड मारून जातील.'

थंडीचं कोडं काही अवघड नाही. हा विषाणू वाहून आणणारी परदेशी बदकं याच दिवसांत आपल्या तलावांवर उतरतात, आणि विष्ठेतला विषाणू 4 अंश सेल्सिअसला महिनाभराहून जास्त टिकतो, 37 अंशांना जेमतेम सहा दिवस. थोतांड म्हणणाऱ्यांनी 2006 साली बर्ड फ्लूच्या साथीत नंदुरबारच्या नवापुरात काय झालं ते तिथल्या पोल्ट्रीवाल्यांनाच विचारावं.

माणसाला होत नाही? हाँगकाँगमध्ये 1997 साली 18 जणांना झाला, त्यातले 6 दगावले. आपल्याकडे 2021 मध्ये हरियाणातला एक मुलगा दिल्लीच्या एम्स रुग्णालयात दगावला. माणसाकडून माणसाकडे तो सहजी जात नाही, हे मात्र खरं. धोका आहे तो आजारी पक्षी हाताळणाऱ्याला, पिसं काढणाऱ्याला. रस्सा ओरपणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. मटण आतपर्यंत 70 अंशांवर शिजलं की विषाणू मरतो.

खरा घातक सल्ला ओढ्याचा. कावळे साफ करतात म्हणे! जानेवारी 2025 मध्ये उदगीरला कावळेच पटापट मेले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच्या थोडं आधी नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. मांजरकुळाला तो बाधित पक्षी किंवा कच्चं मांस खाऊन होतो. म्हणजे ओढ्यात टाकलेली कोंबडी कुत्र्या-मांजरांपुढे वाढून ठेवलेलं ताट असतं. शिवाय त्याच पाण्यावर खाली कुणाची तरी बदकं सोडलेली असतात, कुणाची गुरं उतरतात. मेलेला पक्षी विहीर-ओढ्यापासून लांब, खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरायचा. शेडमध्ये कोंबड्यांखाली अंथरलेलं तूसही तसंच. मर सुरू असताना ते खत म्हणून शेतकऱ्याला विकणं म्हणजे विषाणू ट्रॉलीत भरून गावोगाव पोचवणं. बुटांना लागलेली विष्ठा, न धुतलेले अंड्यांचे ट्रे, एका शेडवरून दुसऱ्यावर जाणारी खाद्याची गाडी, तो फिरतो असाच. दारात पाय बुडवायला जंतुनाशकाचा ट्रे ठेवायला फारसा खर्च येत नाही, पण बऱ्याच ठिकाणी तो कोरडाठाक पडलेला असतो.

राहिली शेड मारण्याची भीती. ती खोटी नाही. लागण ठरली की एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारतात. पण भरपाई मिळते ती मारलेल्या पक्ष्यांची, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. मर चार दिवस लपवली, तर त्या चार दिवसांत गेलेल्या कोंबड्यांचे पैसे मेसेज पाठवणारा देणार आहे का?