गंमत सांगू?

रविवारी सकाळी साडेआठला पक्याचा व्हॉट्सॅप आला तेव्हा माझी दाढी अर्धी झाली होती. पक्याचा रविवारचा मेसेज म्हणजे एरवी उगवत्या सूर्यावर छापलेला सुविचार, त्यामुळे उघडायची घाई केली नाही. उरलेली अर्धी उरकून बघतो तर, ‘तुझ्या सहा कामगिऱ्या. कोणाला दाखवायच्या नाहीत. बायकोलाही नाही.’ पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोपासून लपवण्यासारखं काहीतरी माझ्या फोनमध्ये पहिल्यांदाच आलं होतं, आणि तेही पक्याकडून.

त्या दिवशी आम्ही कॉलेजातले मित्र सहकुटुंब पक्याकडे मुलुंडला जमणार होतो. आम्ही जमतो म्हणजे त्याच त्या तीन सरांच्या नकला करतो, गुडघ्यांची चौकशी करतो आणि साडेपाचला कोणाला तरी गाडीची आठवण होते. यंदा काहीतरी वेगळं करा, असं पक्याच्या मुलीने सुचवलं. ‘डोन्ट गेट गॉट’ नावाचा एक खेळ बाजारात मिळतो. प्रत्येकाला एक पाकीट, त्यात सहा गुप्त कामगिऱ्या. गप्पा मारता मारता, खाता खाता त्या कोणाच्या नकळत उरकायच्या. ज्याच्या तीन आधी होतील तो जिंकला. समोरच्याला संशय येऊन त्याने हटकलं की ती कामगिरी बाद. पक्या विकत घेणाऱ्यातला नाही. त्याने नियम तेवढे घेतले, कामगिऱ्या रात्री जागून स्वतःच्या मनाने मराठीत लिहिल्या आणि वर एक कलम स्वतःचं घातलं : खेळ आपापल्या घराचा उंबरठा ओलांडल्यापासून सुरू, संध्याकाळी सहाला बंद.

माझ्या वाट्याला आलेलं सामान असं होतं. कोणाकडून तरी ‘तुझंच खरं’ असं वदवून घेणे. आपली चप्पल दुसऱ्याच्या हातात देणे. कोणाकडून तरी एकोणतीसचा पाढा म्हणवून घेणे. एखाद्याला कारण न सांगता खुर्चीवरून उठवणे. बोलण्यातली चूक दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेणे. आणि सहावी सगळ्यांना सारखीच : ‘गंमत सांगू?’ असं म्हणायचं आणि समोरच्याच्या तोंडून ‘काय?’ काढायचं.

पाचवी वाचून मी आरशात बघून हसलो. कारण पुणेकर येणार होता.

दादरला आलो तर माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक. धिम्या गाड्या जलद मार्गावरून. त्यामुळे गर्दी रविवारची नव्हती, सोमवारची होती. बायको एरवी लेडीज डब्यात चढते. आज ‘पाऊस आहे, चुकामूक नको’ म्हणत माझ्याबरोबर जनरलमध्ये चढली. खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं. पण माझं लक्ष खिडकीजवळच्या गृहस्थांकडे. त्यांना मी शीवलाच ‘कुठे उतरणार?’ विचारून ठेवलं होतं. मुंबईच्या माणसाला गुप्त कामगिरीचं काय कौतुक! कोण कुठे उतरणार ते हेरायचं, त्याच्या गुडघ्यासमोर पेपरात तोंड खुपसून निरागस उभं राहायचं, मागून कोणी ‘मी आधी विचारलंय’ म्हणाला तर ऐकू न आल्यासारखं करायचं आणि बूड टेकताक्षणी डोळे मिटायचे, हे आपण रोज करतो. फुकट करतो.

कुर्ल्याला गृहस्थ उतरले. मी बसलो. डोळे मिटणार तोच बायको म्हणाली, “मला जरा मळमळतंय रे.” मी ताडकन उठलो. तिला खिडकीत बसवलं, आजूबाजूच्यांना जरा वारा येऊ द्या म्हणालो, एका काकांनी आवळासुपारी दिली. भांडुपपर्यंत ती टवटवीत झाली आणि फोनमध्ये काहीतरी टिपू लागली. मुलुंडच्या पुलावर तिने सांगून टाकलं, चालत्या गाडीत दुसऱ्याची जागा मिळवणे, ही तिची दोन नंबरची कामगिरी.

“पण मी नवरा म्हणून उठलो,” मी म्हटलं. “खेळाडू म्हणून नाही.”

“म्हणून तर सोपं गेलं.”

पुलावर गर्दी, वर पाऊस, मागून लोक ढकलतायत. कुठे वाद घालायचा! “बरं, तुझंच खरं,” म्हणालो आणि जिना उतरायला लागलो. ती मागे राहून पुन्हा फोनमध्ये काहीतरी टिपत होती. माझ्या काही लक्षात आलं नाही.

पक्याच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं तर सगळे भिंतीला पाठ लावून बसलेले. तीस-पस्तीस वर्षांची मैत्री, पण कोणी हात पुढे केला की समोरचा स्वतःचा खिशात घालतोय. मी “कसा आहेस?” विचारलं, तर आमच्या विमा एजंट मित्राने “का विचारतोस?” असं उलट विचारलं. कोणी उठलं की दहा डोळे त्याच्याबरोबर उठत. मी बाथरूमला गेलो तर बाहेरून पक्याचा आवाज : “आत काय करतोयस?” या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या आईलासुद्धा पाचव्या वर्षानंतर दिलेलं नाही.

पक्याची मुलगी मानसशास्त्र शिकते. तिने आम्हाला या जातीच्या खेळांचा इतिहास सांगितला. एका घोळक्यात दोघं-तिघं छुपे गुन्हेगार आणि बाकीच्यांनी ते ओळखायचे, तो ‘माफिया’ नावाचा खेळ १९८६ साली मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव्हने काढला. सोव्हिएत रशियात, १९८६ साली, शेजारी बसलेल्या माणसावर संशय घ्यायला मुद्दाम खेळ काढायची गरज का पडली, हे मला कळलं नाही. सरावासाठी असेल. आमच्या लहानपणी चाळीत राजा-प्रधान-शिपाई-चोर होतं. चार चिठ्ठ्या उधळायच्या आणि चोर ओळखायचा. त्यात एवढा ताण नसे. चोराची चिठ्ठी आली की पक्याचे कान लाल व्हायचे. आजही होतात. पण घरात चौदा माणसं आणि सगळ्यांचेच कान लाल, तिथे एकट्या पक्याला काय पकडणार?

सगळ्यात हाल झाले ते वहिनींचे. त्यांनी सुरळीच्या वड्या केल्या होत्या, साठ. सुरळीची वडी हा धीराचा पदार्थ आहे. पीठ ताटावर नेमक्या क्षणी पसरावं लागतं, दोन मिनिटं उशीर झाला तर वडी होत नाही, पिठलं होतं. वहिनी ताट घेऊन माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, “भावजी, अजून दोन घ्या ना.”

“पकडलं!” तीन कोपऱ्यांतून आवाज आला.

“अहो, कसलं पकडलं? गार होतायत!”

“वहिनी, तुमच्या यादीत कोणाला तरी दोन वड्या खायला लावणे असं आहे.”

नव्हतं. त्यांनी फोन काढून दाखवला. पण तोवर फार उशीर झाला होता. आग्रह करणारं माणूस आणि कामगिरीवरचं माणूस यात वरून काहीच फरक दिसत नाही, हे सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. दोघंही गोड बोलतात, दोघांनाही ‘नको’ ऐकू येत नाही, आणि आपण बोलण्यात गुंतलेले असताना दोघंही ताटात काहीतरी टाकून जातात. आमच्या आजोबांच्या पंगतीत ‘एक तरी घ्याच’ म्हणत जिलब्या घेऊन फिरणारे लोक या घरात असते तर पहिल्या पाच मिनिटांत बाद झाले असते. वड्या वाढायला कोणी वाढेना, घ्यायला कोणी घेईना. एकाने स्वतःहून उचलली तर ‘याला ती खायला कोणी लावली?’ म्हणून चौकशी बसली. दुपारी दोनला टेबलावर एक्केचाळीस वड्या होत्या आणि भोवती चौदा भुकेली माणसं एकमेकांकडे बघत बसली होती.

मी मात्र पुणेकराच्या शेजारी जागा धरली.

पुणेकर १९९० साली आमच्या हॉस्टेलवर आला तो मुंबईचाच झाला. नोकरी इथे, बायको गिरगावची, मुलं इथे वाढली. जीभ तेवढी पुण्यात राहिली. आम्ही मुंबईकर सरसकट ‘मी बोललो’ म्हणतो, आणि तो सरसकट आम्हाला थांबवतो. त्याच्या स्वतःच्या लग्नात भटजींना त्याने मंगलाष्टकात अडवलं होतं. अशा माणसाकडून एक चूक दुरुस्त करून घ्यायची, म्हणजे वडापावच्या गाडीवर वडापाव मागण्याइतकं सोपं.

“काल मी बॉसला बोललो,” मी सुरुवात केली, “की मला सुट्टी पाहिजे.”

पुणेकराचा चहाचा कप ओठाशी थांबला. डोळे बारीक झाले. माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि चहा प्याला.

“मग तो मला बोलला, की माझी मदत कोण करणार?”

त्याच्या गळ्याशी एक शीर उभी राहिली. “हं,” एवढंच म्हणाला. माणसाने ओळखलं होतं.

मग मी सोडलंच नाही. पाच मिनिटांत मी ‘ती दगड’ पासून ‘माझे बाबा आली’ पर्यंत सगळं करून बसलो. हे बोलताना मलाही लाज वाटत होती. माझी आई शिक्षिका होती. पुणेकर कपाळाचा घाम पुसत होता. शेवटी “एक फोन करायचाय” म्हणून गॅलरीत गेला. मी दाराआडून कान दिला. फोन खिशातच होता. पावसाकडे तोंड करून पुणेकर स्वतःशी पुटपुटत होता, “म्हणालो… म्हणालो… म्हणालो.”

मी धावत जाऊन पक्याकडे दाद मागितली. पक्याने निकाल दिला : दुरुस्ती तोंडावर झाली पाहिजे, कठड्यावर झालेली धरणार नाही.

पाढ्याचं जमलं नाही, कारण एकोणतीसचा पाढा आता कोणालाच येत नाही. चप्पल मी एजंट मित्राच्या पुढ्यात टाकून “ही कोणाची बघ रे” म्हटलं, तर त्याने ती छत्रीच्या टोकाने उचलून खाली उतरायच्या जिन्यात ठेवली. मग राहिली शेवटची. पण ‘गंमत सांगू?’ ही तर सगळ्यांकडेच होती, त्यामुळे त्या घरात ‘काय’ हा शब्दच बंद झाला होता. मराठी माणसाने ‘काय’ शिवाय बोलून बघावं. “आज जेवायला… कोणते पदार्थ आहेत?” “वाजले किती?” असं सगळं आकाशवाणीच्या बातम्यांसारखं चाललं होतं.

मग कोणाला तरी काकू आठवल्या. पक्याची आई, चौऱ्याऐंशी वर्षांची, आतल्या खोलीत पोथी वाचत होती. काकूंना कमी ऐकू येतं. मी हळूच आत गेलो आणि म्हटलं, “काकू, गंमत सांगू?”

“काय?”

माझा आनंद गगनात मावेना. बाहेर येतो तर दाराबाहेर रांग. माझ्यामागे चौघं होते. आतून चार वेळा “काय?” ऐकू आलं, आणि मग पाचव्यांदाही आलं, जरा वैतागून. आज सगळी पोरं एकेक करून येतायत आणि काहीच न सांगता नाचत परत जातायत, हे बघून काकू पोथी मिटून बाहेर आल्या आणि पक्याला म्हणाल्या, “डॉक्टरांनी माझ्याबद्दल काही सांगितलंय का रे?” पक्याने आईचे सगळे ‘काय’ रद्द केले.

या गोंधळात एजंट मित्राकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. तो सकाळपासून प्रत्येकाला गाठून “तुझा पत्ता तोच ना रे?” असं विचारत होता. एरवी त्याने काहीही विचारलं की पुढे पॉलिसी येते, हे आम्हाला पाठ आहे. त्यामुळे “पकडलं!” सगळ्यात जास्त वेळा त्याच्याच वाट्याला आलं. जेवताना तो मध्येच म्हणाला, “अरे, एक गंमत सांगू?” बाकी सगळ्यांनी आमटीत बघितलं. तो दोन मिनिटांनी पुन्हा म्हणाला. कोणीतरी भाताची मूद फोडली. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा पुणेकराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला : “मित्रा, संपली रे तुझी युक्ती. जेव.” तो जेवला. पण मला वाटतं त्याने कढी नुसतीच ढवळली.

सहा वाजता पक्याने कुकरच्या झाकणावर डाव वाजवला आणि खेळ संपल्याचं जाहीर केलं. जिंकली आमची बायको. एक कामगिरी गाडीत, एक पक्याला पर्स धरायला लावून. आणि तिसरी? “मुलुंडच्या पुलावर,” ती म्हणाली. “तुझंच खरं.” म्हणजे पक्याने आळसापोटी आम्हा दोघांना एकच कामगिरी दिली होती, आणि मी ती दिवसभर दुसऱ्यांकडून करून घ्यायच्या मागे होतो, माझ्याकडून ती सकाळी अकरालाच करून घेतली गेली होती.

“आता बोलू का?” एजंट मित्राने विचारलं.

“बोल.”

“लेकीचं लग्न ठरलं. डिसेंबरात. पत्रिकेसाठी पत्ते हवे होते.”

क्षणभर कोणी बोललं नाही. मग मागून पक्याने दबक्या आवाजात विचारलं, “हे… खरं ना?” आणि त्यानंतर जो आरडाओरडा झाला त्यात काकूसुद्धा “काय? काय?” करत बाहेर आल्या, आणि या वेळी सगळ्यांनी एकदम, ओरडून, त्यांना सांगितलं. एक्केचाळीस वड्या सव्वासहापर्यंत संपल्या. वहिनींनी आग्रह केला नाही, तरी संपल्या.

रात्री पावणेबाराला आम्ही झोपायच्या तयारीत असताना पुणेकराचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकट्याला. क्रमांक घालून एकोणीस वाक्यं. माझी. प्रत्येकासमोर शुद्ध रूप. सातव्या क्रमांकावर ‘बोललो’, पुढे कंसात ‘चार वेळा’. खाली लिहिलं होतं, ‘सहानंतर पाठवतोय, धरू नकोस. झोप येत नव्हती.’

माझं मन भरून आलं. मी लिहिलं, ‘भावा, तू पाठवणार हे मी बायकोला आधीच बोललो होतो.’

दोन निळ्या खुणा उमटल्या. ‘टायपिंग’ दिसलं. थांबलं. पुन्हा दिसलं.

‘म्हणालो.’