ब्रोशरमधले 5 मायक्रॉन आणि बेअरिंगचं घर

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. मी छोट्या सीएनसीला (संगणकाने चालणाऱ्या कटिंग मशीनला) उगाच नावं ठेवतो, तुमच्या टेबलावरच्या मशीनच्या ब्रोशरमध्ये चक्क '0.005 मिमी', म्हणजे 5 मायक्रॉन, छापलंय, मग प्रोटोटाइपसाठी मोठं धूड कशाला, असा तुमचा सवाल आहे.

छोट्या मशीनशी माझं वैर नाही. सिंगल फेजवर चालतं, दुसऱ्या मजल्यावर चढवता येतं, एवढी कारणं मला पुरतात. माझा वाद आहे त्या 0.005 शी. असे आकडे बऱ्याचदा रिझोल्यूशनचे, म्हणजे मशीनला सांगता येणाऱ्या सगळ्यात छोट्या पावलाचे असतात, अचूकतेचे नाही. 5 मिमी लीडचा बॉलस्क्रू (एका फेऱ्यात अक्ष 5 मिमी सरकवणारा आटेदार दांडा), फेऱ्याला 200 स्टेपची मोटर, प्रत्येक स्टेपचे 16 मायक्रोस्टेप. भागाकार केला की 1.6 मायक्रॉन. कागदावर! स्क्रू सी7 ग्रेडचा (ग्रेड म्हणजे अचूकतेचा दर्जा) असेल तर 300 मिमीत 50 मायक्रॉनची चूक त्याला माफ असते, सी5 ला 18. ब्रोशरमध्ये ग्रेडच छापला नसेल तर काय समजायचं ते समजा.

608 बेअरिंगच्या घराचं, म्हणजे ते ज्या भोकात बसतं त्याचं उदाहरण तुम्हीच दिलंय, तेच घेऊ. व्यास 22 मिमी, एच7 हा प्रमाणित टॉलरन्स (मापातली मुभा) धरला तर मुभा 21 मायक्रॉनची. एंडमिल (फिरता कटर) गोल फिरवून भोक काढलं की अक्ष जिथे उलटा वळतो त्या चार जागी बॅकलॅश, म्हणजे स्क्रूमधला ढिलेपणा किंवा प्ले, उमटतो. प्ले 30 मायक्रॉनचा असला तर तिथे नखाला पायरी लागते, आणि टॉलरन्स तिथेच संपतो. म्हणून तर लेखात बोरिंग हेड (स्पिंडलला, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्याला लावून भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) सुचवलं होतं. त्यात एक्स-वाय जागचे हलत नाहीत, गोलाई स्पिंडल देतो. तुमचं मशीनही हे करेल. पण दोन बेअरिंगमधलं सेंटर अंतर? ते पुन्हा स्क्रूच्याच भरवशावर.

शिवाय उन्हाळा. शेडमध्ये 35 अंश असताना 100 मिमीचा ॲल्युमिनियमचा जॉब 20 अंशांच्या मानाने 34 मायक्रॉन वाढलेला असतो. पोलादी स्क्रूही वाढतो, पण निम्माच. उरलेले 17 मायक्रॉन तुमच्या मापात.

मशीन घ्यायला जाताना स्वतःचा लिव्हर डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) खिशात ठेवा. एकाच बिंदूवर दोन्ही बाजूंनी या आणि काट्यातला फरक बघा. मग स्पिंडल हाताने ढकला. नुसत्या हाताने काटा 20-30 मायक्रॉन सरकला, तर स्टीलवर कटर काय करेल? विक्रेता डायल लावू देत नसेल तर चहा पिऊन परत या.

तुमच्या मशीनवर हे करून आकडे इथे टाका. चांगले आले तर लेखात मशीनच्या नावासकट घालतो.