आत गेलेलं बाहेर येऊ नये म्हणून

इंदिरानगरच्या आमच्या घरामागचा आंबा फळं धरतो ती थेट शेंड्याला. म्हणून यंदा बाजारातून लांब-आखूड होणारा झेला आणला. पहिला आंबा जाळीत घेतला आणि हिसका दिला. आंबा वर राहिला, जाळीसकट वरची नळी वर राहिली, आणि मी खाली सहा फुटी पाइप धरून उभा. चार दिवस ते लोंबत होतं. "पक्ष्यांसाठी का?" शेजारच्या काकूंनी विचारलं. मी हो म्हणालो.

मग ठरवलं, घरीच करू. पाइपात पाइप घालायचा, त्यात काय अवघड? एक इंची पाइप, अठरा गेज. त्याची जाडी साधारण १.२ मिमी, म्हणजे आतली पोकळी २३ मिमी. त्यात सात सुती पाइप (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), २२.२ मिमी. कागदावर इतकं चपखल बसलं की मी हिला बोलावून दाखवलं.

प्रत्यक्षात पाइप आत शिरेना. पाइप म्हणजे मुळात वळवून जोडलेला पत्रा, आणि त्या जोडाची शिवण आतून उंचवटा धरून असते, हे ज्ञान मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झालं. गोल कानस सळईला बांधून ती शिवण घासण्यात अख्खा रविवार गेला. तेवढ्यात हुरूप येऊन मी खालच्या पाइपाच्या बुडाला मूठही वेल्डिंग करून आणली. (ही मूठ लक्षात ठेवा.)

आता नळी सुटू नये कशी? उत्तर घरातच होतं. अण्णांच्या रेडिओची एरियल इतकी वर्षं रोज ओढली जाते, पण हातात येत नाही. का? अण्णा दुपारचे झोपले असताना मी ती व्हाइसमध्ये धरून कापली. आतल्या नळीचं बूड किंचित फुगवलेलं, बाहेरच्या नळीचं तोंड किंचित आवळलेलं. फुगलेलं बूड आवळलेल्या तोंडाशी येऊन अडतं. बस्स, एवढंच! शोधाच्या आनंदात एरियलचे दोन तुकडे झालेत हे जरा उशिरा जाणवलं.

दोन्ही पाइप घेऊन सातपूरला एका लेथवाल्या मामांच्या गाळ्यात गेलो. त्यांनी मोठा पाइप लेथवर फिरवत रोलर दाबून त्याचं तोंड असं मुरडलं, की तांबट आळीत घागरीचा काठ मुरडावा. बारीक पाइपाचं बूड सुंबा ठोकून फुलवलं.

"घाला आता," मी म्हणालो.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. "साहेब, जे त्या तोंडातून बाहेर येणार नाही, ते आत तरी कसं जाईल? मागून घालावं लागतं."

"मागे मूठ आहे."

"ती दिसतीये मला."

मूठ कापली, पाइप मागून घातला, मूठ पुन्हा जोडली. वेल्डिंगचे पैसे दोनदा. चहा मात्र मामांनी पाजला, बहुधा दयेपोटी.

घरी येऊन झेला पूर्ण लांब केला, जवळजवळ अकरा फूट. आंबा जाळीत घेतला आणि जुना राग काढत हिसका दिला. आंबा आला! नळी सुटली नाही! मी विजयाने नळी आत ढकलायला गेलो, तर ती हलेना. फुगलेलं बूड आवळलेल्या तोंडात पाचरीसारखं रुतून बसलं होतं. तेल घातलं, गरम पाणी ओतलं, जावयाला ओढायला लावलं. ढिम्म.

आता अकरा फुटांचा झेला घरात कुठल्याच दारातून वळत नाही.

"अहो, गच्चीवर उभा करा तो," ही म्हणाली.

उभा केला. संध्याकाळी अण्णा रेडिओ घेऊन वर आले, एरियलच्या उरलेल्या थोटकाला वायर गुंडाळली आणि दुसरं टोक झेल्याला बांधलं. नाशिक आकाशवाणी खणखणीत लागली.

"एरियल मोडलीस ते मला त्याच दिवशी कळलं होतं," अण्णा म्हणाले. "आंबा काप."